कार्ताहेनाला जायचंय? आधी पिवळं कार्ड, मग तिकीट

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं कार्ताहेना १५३३ साली वसलं. दक्षिण अमेरिकेतलं सोनंनाणं या बंदरातून स्पेनला जायचं, म्हणून भोवती तट उभा राहिला आणि तो आजही बराचसा शाबूत आहे. वसईचा किल्ला पाहिलेल्यांना बुरूज ओळखीचे वाटतील. वसईत तटाच्या आत झाडी माजली आहे, इथे आत माणसं राहतात, एवढाच फरक. शहराला चार रात्री पुरतात. तयारीला मात्र तीन महिने हाताशी ठेवा, कारण कामांचा क्रम चुकला की पैसे अडकतात.

क्रम चुकतो तो असा: आधी स्वस्त तिकीट पकडलं जातं, मग व्हिसाची शोधाशोध होते आणि लस आठवते ती शेवटच्या आठवड्यात. हे बरोबर उलटं करा.

पिवळा ताप

भारत सरकारच्या यादीत कोलंबिया हा पिवळ्या तापाचा देश आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं प्रमाणपत्र (हेच ते पिवळं कार्ड) नसलं, तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागतं, तेही सहा दिवसांपर्यंत. कोलंबियात शिरताना कुणी कार्ड विचारलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. विचारणा परतताना मुंबईत होते. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. दर दहा वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागते ही जुनी माहिती, तो नियम २०१६ मध्ये बदलला.

ही लस घराजवळच्या दवाखान्यात घेऊन उपयोग नाही, सरकारमान्य लसीकरण केंद्रच लागतं. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य कार्यालयांकडे सोय आहे, पण वार आणि वेळ आधी विचारूनच घरातून निघा. मूळ पासपोर्ट बरोबर हवा. पिवळं कार्ड हातात पडलं की खिडकीसमोरून हलण्याआधी वाचून काढा: नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, पासपोर्ट क्रमांकाचा एखादा आकडा इकडचा तिकडे झाला आहे का, तारीख, लशीचा बॅच नंबर, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का. शिक्का राहिला तर सगळा खटाटोप वाया. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांशी बोला. ही जिवंत लस आहे, सगळ्यांना देत नाहीत.

व्हिसा आणि तिकीट

भारतीय पासपोर्टला कोलंबियाचा व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल आणि कोलंबियात शिरायच्या दिवशी त्याची किमान १८० दिवसांची मुदत शिल्लक असेल, तर बहुतेकांना वेगळा व्हिसा लागत नाही. ही सवलत बदलू शकते, म्हणून कोलंबियाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर पाहूनच पैसे भरा. मुदत मोजताना आजची तारीख धरू नका, तिथे उतरायची धरा. निघण्याआधीच्या ७२ तासांत ‘चेक-मिग’ हा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणारी पानं दलालांची.

मुंबईहून थेट विमान नाही. बहुतेक प्रवास युरोपमार्गे बोगोटा आणि तिथून कार्ताहेना असा होतो. अमेरिकेमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर लक्षात ठेवा: तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून घेतलीत तर मधल्या देशात सामान घ्यायला बाहेर पडावं लागतं, म्हणजे तिथलाही व्हिसा आला. शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर ठेवा.

स्पेनमध्येही कार्ताहेना आहे. हॉटेल शोधताना देश तपासा, विमान शोधताना ‘सीटीजी’ हा कोड टाका. आता आपल्याकडेही तोच गोंधळ शक्य आहे. दिल्लीमार्गे जात असाल तर पहिलं विमान ‘बीओएम’वरून (सहार) आहे की ‘एनएमआय’वरून (नवी मुंबई), हे तिकिटावर बघा. नेरूळकराला नवी मुंबईचा विमानतळ सोयीचा, पण परतीचं विमान सहारला उतरणार असेल तर गाडी तिथे पार्क करून उपयोग नाही.

डिसेंबर ते मार्च कोरडा काळ, पण नाताळ ते जानेवारीचा पहिला पंधरवडा आणि ईस्टरचा आठवडा भाव चढे असतात. ऑक्टोबरला सर्वांत जास्त पाऊस. भरतीच्या वेळी सखल रस्त्यांवर पाणी येतं, जे ठाणेकरांना नवीन नाही.

पैसे आणि प्लग

मेनूकार्डवर ‘$’ दिसलं की डॉलर समजू नका, ती पेसोचीच खूण आहे. २०.००० म्हणजे वीस नव्हे, वीस हजार. तिथे हजाराला टिंब देतात. बोलताना ‘वेइंते मिल’ म्हणतील, मिल म्हणजे हजार. पेसो इकडे सहसा मिळत नाहीत. थोडे डॉलर आणि फॉरेक्स कार्ड न्या, एटीएम बँकेच्या आतलं वापरा. बिलावर दहा टक्के सेवाशुल्क ऐच्छिक असतं, विचारलं तर नाही म्हणता येतं. हॉटेलात प्रवेशाचा शिक्का असलेला पासपोर्ट दाखवा, परदेशी पर्यटकाला खोलीच्या भाड्यावरचा १९ टक्के कर माफ आहे.

वीज ११० व्होल्टची, प्लग दोन चपट्या पिनांचा. मोबाइलच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असतं, त्याला फक्त अ‍ॅडॉप्टर पुरतो. घरची २३० व्होल्टची किटली मात्र नेऊ नका. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता चौथाई होते, चहाचं पाणी कोमट होईपर्यंतच सकाळ जाते.

राहणं

तटाच्या आतला भाग देखणा आणि महाग. बाहेर लागूनच हेत्सेमानी, तिथे स्वस्त पडतं, पण रात्री उशिरापर्यंत गाणीबजावणी चालते. रस्त्याकडची खोली नको म्हणून सांगा. बोकाग्रांदे म्हणजे समुद्राकाठचे टॉवर. ते बघायला इतक्या लांब कशाला जायचं, नवी मुंबईत पाम बीच रोड आहेच. जुन्या वाड्यांतल्या स्वस्त खोल्यांना कधी कधी खिडकीच नसते आणि लिफ्टही नसते. आईवडील बरोबर असतील तर दोन्ही आधी विचारा.

फिरणं

बाराही महिने ठाण्याचा मे महिना समजा. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर बाहेर, मधे सावलीत.

सान फेलिपे किल्ल्यावर सकाळी उघडतानाच पोहोचा. वर सावली नाही, दगड तापला की उभं राहवत नाही. टोपी आणि माणशी एक लिटर पाणी घ्या. बुरुजांखालची भुयारं नक्की बघा: आतला आवाज लांबवर पोहोचतो, त्यामुळे कोण येतंय हे पहारेकऱ्याला आधीच कळायचं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्रज अ‍ॅडमिरल व्हर्नन मोठं आरमार घेऊन इथे आला. एक पाय आणि एक डोळा गमावलेल्या ब्लास दे लेसो या स्पॅनिश सेनानीने शहर राखलं. इंग्रजांचं सैन्य तोफांपेक्षा रोगराईने जास्त मेलं आणि त्यात पिवळा ताप मुख्य होता. त्या कार्डासाठीची धावपळ तेव्हा थोडी सुसह्य वाटेल.

पोपा टेकडीवर चालत जाऊ नका, वाट सुरक्षित नाही. टॅक्सी करा आणि थांबण्यासह जाण्यायेण्याचं भाडं आधीच ठरवा. इथे मीटर नसतो. संध्याकाळ तटावर घालवा. सूर्य समुद्रात बुडतो, ऋतूप्रमाणे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान.

मोबाइल हातात मिरवू नका. लोकलच्या दारात उभ्या माणसाला फटका मारून फोन उडवतात, तोच प्रकार इथे मोटारसायकलवरून होतो. कोलंबियात म्हणतात, ‘नो दार पापाया’, पपई देऊ नका, म्हणजे चोराला आयती संधी देऊ नका. अनोळखी माणसाने दिलेलं पेय घेऊ नका. समुद्रकिनाऱ्यावर ‘फुकट’ मालिश सुरू झालं की हात काढून घ्या, पाचव्या मिनिटाला बिल येतं. रंगीत घेरदार कपड्यांतल्या फळवाल्या पालेंकेरा फोटोचे पैसे घेतात. आधी विचारा, मग काढा.

रोसारियो बेटांना जाणाऱ्या बोटी सकाळी सुटतात. तिकिटावर धक्क्याचा कर वेगळा पडतो. दुपारी वारा वाढतो, परतताना बोट आपटत येते. कंबर दुखत असेल तर मागच्या बाकावर बसा, पुढे दणके जास्त. फोन आणि पासपोर्टची झेरॉक्स झिपच्या पिशवीत.

शाकाहारी असाल तर

‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हटलं तरी ताटात चिकन येतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी मुख्यतः गोमांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन’ असं पूर्ण म्हणा, म्हणजे मांस, चिकन, मासे, हॅम काहीच नको. घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस असू शकतं, सूपला मांसाचं पाणी असू शकतं. निर्धास्त खावं ते पाताकोन, म्हणजे कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले चपटे काप, आणि नारळीभात. आपल्यासारखा पक्वान्न म्हणून नव्हे, जेवणाबरोबरचा. हातगाडीवर कैरी मीठ-लिंबू लावून मिळते. घरून मेतकूट, चिवडा, तयार उपम्याची सीलबंद पाकिटं न्या. फळं आणि दुधाचे पदार्थ नेऊ नका.

परतीच्या सामानात पिवळं कार्ड बॅगेत टाकू नका. मुंबईत आरोग्य तपासणीचं टेबल सामानाच्या पट्ट्याच्या आधी लागतं, तेव्हा ते पासपोर्टच्या कव्हरमध्येच हवं.