पोटातलं इंजेक्शन: या चुका टाळा

खुब्याचा सांधा बदलून पेशंट घरी निघाला की सोबत एनोक्सापॅरिनच्या, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून द्यायच्या औषधाच्या, भरलेल्या सिरिंज देतो. बहुतेकांना ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. कसं द्यायचं ते प्रत्येकाला दाखवते, तरी चुका त्याच होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कोर्स मध्येच सोडणं. एका आजींच्या मुलाने बाराव्या दिवशी इंजेक्शन बंद केलं. पोटावर काळेनिळे डाग दिसले, आजी वॉकर धरून चालू लागल्या होत्या, मग उगाच कशाला टोचायचं? आठवड्याने त्यांना परत आणलं तेव्हा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड, पोटरी टणक. डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, मांडीच्या शिरेत गुठळी निघाली. मग तेच औषध वजनाप्रमाणे, दिवसातून दोनदा, आणि पुढे कित्येक महिने गोळ्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुठळीचा धोका टाके निघाल्यावरही राहतो, म्हणून तर चार-पाच आठवडे इंजेक्शन लिहून देतात. छोटे डाग पडतातच. डाग पसरत असेल, लघवीत किंवा शौचात रक्त दिसलं तर डॉक्टरांना फोन करा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

दुसरी चूक बुडबुड्याची. नवशिके सिरिंजला टिचक्या मारून हवा बाहेर काढतात आणि सोबत औषधाचा थेंबही घालवतात. या सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नसतो. सुई खाली धरली की तो दट्ट्याकडे राहतो आणि शेवटी सुईतलं उरलेलं औषध आत ढकलतो. बेंबीपासून चार बोटं दूर, चिमटीत कातडी धरून सुई सरळ, पूर्ण आत. औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळायचं तर अजिबात नाही; कमरेतल्या इंजेक्शनची सवय इथे आणली की डाग मोठा होतो.

मी दिवेलागणीची वेळ ठरवून देते आणि कॅलेंडरवर रोज ‘डावी’ किंवा ‘उजवी’ लिहायला लावते. त्याने बाजू बदलते, विसरही पडत नाही. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.

दुखतंय म्हणून शेजाऱ्यांकडची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधीच सांगा, डोस बदलावा लागतो. सिरिंज फ्रीझरमध्ये ठेवू नका.

आणि अचानक दम लागला, छातीत दुखलं, किंवा पाय बधिर होऊन लघवी अडली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. त्याच क्षणी इमर्जन्सीत या.