थंडीत खोली किती उबदार हवी?

परभणीकडं पारा दहाच्या खाली उतरला की रात्री खोलीत काकडायला होतं, पत्र्याच्या घरात तर फारच. भिंतीवर साधा तापमापक टांगा. खोलीत निदान १८ अंश हवेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर मी २० च्या खाली जाऊ देत नाही.

१. दुपारी दक्षिणेकडच्या खिडक्यांचे पडदे सारा, ऊन आत येऊ द्या.
२. चार-साडेचारला, ऊन उतरायच्या आत, खिडक्या बंद. बहुतेक घरांत हे दिवेलागणीला होतं, तोवर ऊब निघून गेलेली असते.
३. फरशीवर सतरंजी, दाराच्या फटीला जुन्या लुगड्याची गुंडाळी.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.