आर्ट हिस्टरी मेजर घेतलंय, आता अभ्यास कसा करायचा

आर्ट हिस्टरी घेतलं की सगळ्यांना आधी धडकी भरते ती पाठांतराची, एवढी नावं, एवढ्या सनावळ्या, शेकडो चित्रं, लक्षात राहणार कसं. ते राहतं हो, सरावाने राहतं. खरं अवघड आहे ते बघणं. म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून एक सवय लावून घ्या, पुस्तक उघडायच्या आधी चित्रासमोर पंधरा-वीस मिनिटं बसायचं आणि डोळ्यांना दिसतंय तेवढंच साध्या वाक्यात लिहून काढायचं, अर्थ लावायला अजिबात जायचं नाही.

उदाहरण म्हणून चित्रकार यान व्हान आयकचं आर्नोल्फिनी पोर्ट्रेट घ्या, खोलीत उभ्या असलेल्या एका जोडप्याचं हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पहिल्यांदा बघणारे लगेच लिहून मोकळे होतात की बाई गरोदर आहे. पण नीट बघा, तिने हिरव्या झग्याचा भलामोठा घोळ हाताने उचलून पोटापुढे धरलाय, तेव्हाची फॅशन तशीच होती आणि बहुतेक अभ्यासक ती गरोदर नाही असंच मानतात. मग मागच्या भिंतीवर या, तिथे गोल फुगीर आरसा आहे, त्यात जोडप्याची पाठ दिसते आणि दारात उभी असलेली आणखी दोन माणसं, आणि आरशाच्या वर लॅटिनमध्ये लिहिलंय की यान व्हान आयक इथे होता, १४३४. झुंबरात पेटलेली मेणबत्ती एकच, तीही दिवसाउजेडी. हे सगळं लिहून झालं की मग वाचायला घ्या, म्हणजे कळतं की एर्विन पॅनोफ्स्की या कला-इतिहासकाराने १९३४ साली हे चित्र म्हणजे लग्नाचा जणू पुरावाच आहे असं मांडलं आणि नंतरच्या लोकांनी त्यावर भरपूर आक्षेप घेतले. आता तुमच्याकडे स्वतःची निरीक्षणं आहेत, त्यामुळे कोणाचं म्हणणं चित्रात टिकतंय ते तुम्ही तपासू शकता, आणि चांगला पेपर म्हणजे हेच असतं. दहा पुस्तकांतली मतं एकापुढे एक मांडलेला पेपर मला तरी अर्धवट वाटतो.

दुसरी गोष्ट, साइज लिहायला कधीच विसरू नका. स्लाइडवर सगळं सारखंच दिसतं. मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटीमीटर आहे आणि पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये तिच्याच दालनात समोर चित्रकार व्हेरोनेझेचं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे, ते जवळजवळ १० मीटर रुंद! हे चित्र १५६३ मध्ये व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी पूर्ण झालं, म्हणजे भिक्षू जेवायला बसले की समोर भिंतभर मेजवानी, आणि १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते तिथून काढून नेलं. आता सांगा, मूळ जागा माहीत नसेल तर या चित्राबद्दल काय लिहिणार? त्यामुळे प्रत्येक चित्राचं एक कार्ड करा आणि त्यावर कलाकार, साल, माध्यम, साइज आणि मूळ जागा एवढं हवंच.

परीक्षेसाठी कार्डं एकेक करून घोकू नका, दोन-दोन शेजारी ठेवून फरक बोलून दाखवा, प्रकाश कुठून येतोय, कडा स्पष्ट आहेत की विरघळल्यात, माणसं एका रांगेत आहेत की खोलवर मागे जातायत. साल पण असंच लक्षात राहतं, कारण काय आधी आलं आणि कशामुळे बदललं ते डोक्यात बसलेलं असतं. अनोळखी चित्र आलं तरी घाबरायचं कारण नाही, तिथे अचूक नावापेक्षा तुम्ही अंदाज कशावरून केला त्याला किंमत असते.

म्युझियम जवळ असेल तर जाच, एकाच चित्रासाठी गेलात तरी चालेल. नसेल तरी अडत नाही, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या आसपास फोटो सगळ्यांना फुकट वापरायला खुले केले आणि आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या नाइट वॉच या चित्राचा इतका बारीक फोटो साइटवर टाकलाय की झूम करत गेलं की रंगाच्या भेगा दिसतात. मात्र रंगाचा थर, ब्रशचा जोर हे प्रत्यक्षातच कळतं, शक्य असेल तर एखादा ड्रॉइंगचा किंवा प्रिंटमेकिंगचा (ठशावरून चित्र छापण्याचा) कोर्सही करा, हात चालवला की डोळा वेगळं बघायला लागतो.

पुढे पीएचडी करायची असेल तर भाषा आत्तापासून सुरू करा, युरोपच्या कलेसाठी जर्मन, फ्रेंच, इटालियन, आशियाच्या कलेसाठी विषय बघून संस्कृत, फारसी, चिनी, शेवटच्या वर्षाला हे जमत नाही. कन्झर्व्हेशनमध्ये, म्हणजे जुन्या कलाकृती जपण्या-दुरुस्त करण्याच्या कामात जायचं असेल तर केमिस्ट्री लागते, तीही ऑरगॅनिकपर्यंत, आणि तिथल्या मास्टर्सच्या प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी हाताने केलेल्या कामाचा पोर्टफोलिओ मागतात, म्हणून हे विषय कधी आणि कुठे बसवायचे ते दुसऱ्या वर्षाचे कोर्स निवडायच्या आधीच अ‍ॅडव्हायजरबरोबर बसून ठरवा.