पगार खरोखर वाढला का? वास्तव वेतन कसे काढावे

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याच्या पगारपत्रकावर रोख वेतनाचा आकडा असतो. त्या रकमेत महिन्याचा किराणा, घरभाडे, मुलांची फी यांपैकी किती भागते, हे सांगते ते वास्तव वेतन. पगारवाढीची बोलणी मात्र बहुधा रोख आकड्यावरच आटोपतात आणि कामगाराचे नुकसान नेमके तिथेच होते, म्हणून हे गणित प्रत्येकाला स्वतः करता आलेच पाहिजे.

आधी दोन वर्षांतील एकाच महिन्याची पगारपत्रके घ्यावीत आणि कपातीपूर्वीचे मूळ वेतन व महागाई किंवा विशेष भत्ता यांचीच बेरीज करावी. ओव्हरटाइम आणि बोनस धरल्यास तुलना बिघडते. मग त्या दोन महिन्यांचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे कामगार कुटुंबांच्या नेहमीच्या खर्चाच्या किमती किती बदलल्या हे दाखवणारा आकडा, पाहावा. केंद्र सरकारचा श्रम ब्युरो तो दरमहा देशातील ८८ केंद्रांसाठी काढतो आणि त्यांत नागपूर असल्यामुळे देशाच्या सरासरीऐवजी नागपूरचाच आकडा घ्यावा. सध्याच्या मालिकेत २०१६ या वर्षाचा निर्देशांक १०० धरला आहे.

वेतनाला निर्देशांकाने भागून १०० ने गुणले की वास्तव वेतन मिळते. समजा, गेल्या वर्षी वेतन १५,००० रुपये आणि निर्देशांक १२५ होता, तर वास्तव वेतन १२,००० रुपये झाले. यंदा वेतन १५,६०० आणि निर्देशांक १३२.५ असेल, तर ते सुमारे ११,७७४ रुपयेच भरते. म्हणजे हातात ६०० रुपये जास्त येऊनही घर चालवण्याची ऐपत घटली. येथे निर्देशांक ७.५ अंकांनी वाढला असला तरी महागाई ६ टक्केच वाढली, कारण टक्केवारी १२५ वर काढायची असते. अंकांनाच टक्के समजण्याची गफलत मागणीपत्रात राहिली, तर समोरचा पक्ष तेवढ्यावरून संपूर्ण मागणीच खोडून काढू शकतो.

घरभाड्याचा निर्देशांक सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर या काळात भाडेवाढ लगेच दिसत नाही. वर्षावर्षाची तुलना एकाच महिन्याची करण्याचे हेही एक कारण आहे.

मागणी करताना नुसते ‘महागाई वाढली’ म्हणू नये. वरच्या उदाहरणात जुने वास्तव वेतन टिकवायलाच १५,९०० रुपये (१५,००० अधिक ६ टक्के) लागतात, हे दोन्ही महिने आणि दोन्ही निर्देशांक लिहून मांडावे आणि खरी वाढ त्यापुढे मागावी.