कॉलेजच्या मुलींची सॉकर कोच व्हायचंय? आधी आकडे लिहायला शिका

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत आण्णांच्या शेजारी बसून, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्यांतली भांडणं ऐकत फुटबॉल शिकले. स्वतः खेळायला मात्र अकरावी उजाडली, कारण आमच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. पुढे बी.पी.एड. केलं, फुटबॉल कोचिंगचं डी लायसन्स काढलं, दोन वर्षं एका शाळेत पोरींना शिकवलं आणि क्रीडा व्यवस्थापनात मास्टर्स करायला अमेरिकेत आले. आज एका डिव्हिजन टू, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन स्तरांतल्या मधल्या स्तराच्या, कॉलेजात मुलींच्या संघाची असिस्टंट कोच आहे. "ताई, तिकडं कोच कसं व्हायचं?" हा मेसेज महिन्यातून एकदा तरी येतोच, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

इथे या खेळाला सॉकर म्हणतात. पहिले सहा महिने मी 'फुटबॉल' म्हटलं की समोरचा हेल्मेटवाल्या खेळावर बोलायला लागायचा.

बाहेरून येणाऱ्या मुलीसाठी आत शिरायचा त्यातल्या त्यात बरा दरवाजा म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट, ज्याला सगळे 'जीए' म्हणतात. तुम्ही मास्टर्सला प्रवेश घेता, कॉलेज फी पूर्ण किंवा काही भाग माफ करतं, वर थोडा भत्ता देतं आणि बदल्यात संघाचं काम करून घेतं. मी साठेक कोचेसना ईमेल पाठवले. उत्तरं आली चार, त्यातली दोन नकाराची. तिसऱ्या कोचने विचारलं, "तुझ्या प्रॅक्टिसचा व्हिडिओ आहे का?" माझ्याकडे होता तो मी मारलेल्या गोलांचा! त्यात कुणाला रस नसतो. त्यांना दहा मिनिटांचं असं रेकॉर्डिंग हवं असतं, ज्यात तुम्ही पोरींना काहीतरी शिकवताय आणि तुमचा आवाज नीट ऐकू येतोय. माझ्या भाचीने फोनवर शाळेच्या मैदानातली शूटिंग केली. मागे कुत्री भुंकत होती, तरी काम झालं.

जीए म्हणून काय केलं? बिब्स (सरावात संघ वेगळे कळावेत म्हणून घालायची रंगीत बंडी) धुतले, मैदानावरचे प्लास्टिकचे कोन मांडले आणि उचलले, सामन्यांचे व्हिडिओ कापले, आणि हातात क्लिपबोर्ड धरून आकडे लिहिले. या शेवटच्या कामाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण मला वाटतं मी कोच तिथेच झाले.

आकड्यांचा हा प्रकार आला ॲन्सन डोरन्स यांच्याकडून. या क्षेत्रात यायचं तर हे नाव माहीत हवंच, आणि आपल्याला तर जरा जास्तच, कारण या माणसाचा जन्म 1951 चा, मुंबईतला. वडील तेल कंपनीत, त्यामुळे बालपण देशोदेशी गेलं. कायद्याचं शिक्षण चालू असतानाच त्यांच्याकडे चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या मुलांचा संघ आला, आणि 1979 मध्ये तिथे मुलींचा संघ सुरू झाला तोही त्यांच्याच गळ्यात पडला. वकिली राहिली बाजूला. (घरी हे उदाहरण द्यायला हरकत नाही. मी दिलं. आण्णा म्हणाले, "त्याचे वडील तेल कंपनीत होते, तुझे एस.टी.त आहेत.") त्या संघाने त्यांच्या हाताखाली 22 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. एक 1981 चं, आणि 1982 मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेने, मुलींची स्पर्धा सुरू केल्यापासून 21. मधल्या काळात ते राष्ट्रीय संघाचेही कोच होते, आणि 1991 मध्ये चीनमध्ये झालेला महिलांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने त्यांच्या हाताखालीच जिंकला. त्या संघातल्या मिया हॅम, क्रिस्टिन लिली या त्यांच्याच कॉलेजच्या पोरी.

त्याच युनिव्हर्सिटीत डीन स्मिथ बास्केटबॉल शिकवायचे आणि त्यांच्या प्रॅक्टिसमध्ये प्रत्येक गोष्टीची नोंद व्हायची. डोरन्स यांनी ते पाहिलं आणि मैदानावर आणलं. एकास एक लढत, गोलवर फटके, पळणं, पासिंग, सगळ्यात कोण जिंकलं आणि कोण हरलं ते लिहायचं, क्रमवारी लावायची आणि ती सगळ्यांना दिसेल अशी चिकटवायची. त्याला 'कॉम्पिटिटिव्ह कॉल्ड्रन' म्हणतात. मुली मैत्रिणीशी सरावात पूर्ण ताकदीने भिडत नाहीत, आकडा लिहिला जातोय म्हटल्यावर भिडतात, असा त्यामागचा हिशेब. आमची तालमीतली कुस्ती आठवा. खडाखडी चालू असते, पण वस्ताद काठावर येऊन बसले की रंगच बदलतो.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्याच आठवड्यात पाऊस पडत होता, कागद ओला, बॉलपेन उमटेना. 7 नंबरच्या मुलीने जिंकलेल्या चार लढती मी 17 च्या रकान्यात टाकल्या. संध्याकाळी लॉकर रूमबाहेर क्रमवारी लागली. 7 नंबर, आमची बचावातली सगळ्यात चिवट पोरगी, एकदम शेवटून दुसरी. रात्री साडेआठला ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना. हातात एक बूट, दुसरा पायात. एवढंच म्हणाली, "मी आज इतकी वाईट खेळले का?" मी वही उघडली, खाडाखोड दिसली आणि पोटात गोळा आला. चूक मला कळली, पण तिला लगेच सांगायचा धीर झाला नाही. "बघते" म्हणाले.

सकाळी हेड कोचना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कागद सगळ्यांसमोर लावला होतास ना? मग चूकही सगळ्यांसमोर सांग." सव्वीस पोरींसमोर माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं की मी चुकले. 17 नंबरची तिथेच म्हणाली, "मला वाटलंच, मी चार जिंकलेच नव्हते." हशा झाला. पण त्या रात्री नुसतं 'बघते' म्हणून मी 7 नंबरच्या पोरीची झोप उडवली, ते मला अजून बोचतं. आता क्रमवारी लावायच्या आधी शेवटच्या पाचजणींना मी स्वतः भेटते. आकडे खरे असले तरी.

बोलण्याबद्दल आणखी एक. 1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स यांच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला. त्यांनी आरोप नाकारले. प्रकरण तडजोडीने मिटायला 2008 उजाडलं. युनिव्हर्सिटीने पैसे दिले, आणि खेळाडूंच्या खाजगी आयुष्याबद्दलच्या गप्पांत भाग घेतल्याबद्दल डोरन्स यांना लेखी माफी मागावी लागली. इतक्या मोठ्या माणसाच्या नावापुढे हे कायमचं लिहिलं गेलं. पोरींशी एकटीने बोलायचं तर दार उघडं ठेवा, आणि प्रियकर, वजन, पाळी यांवर थट्टा करू नका. 'आपण बाईच आहोत, आपल्याला काय' हा समज तर पहिल्या दिवशीच काढून टाका.

बाकी नोकरी कशी असते? मैदानावर फार थोडी. सीझनमध्ये मुलींना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, एक दिवस सुट्टी द्यावीच लागते, आणि सामना कितीही लांबला तरी हिशेबात तीन तासच धरतात. कोचला अशी मर्यादा नाही. उरलेला वेळ जातो रिक्रूटिंगमध्ये, म्हणजे शाळेतल्या मुली हेरून त्यांना आपल्या कॉलेजात आणण्यात. मुलगी दहावी संपवते त्या वर्षीच्या 15 जूनपासून तिच्याशी थेट बोलता येतं, म्हणून 14 तारखेला रात्री बारा वाजता आमच्याकडे सगळे फोन धरून बसलेले असतात. तिकीट खिडकी उघडावी तसं.

आणि पैशांचं गणित. डिव्हिजन टूमध्ये मुलींच्या सॉकरला जास्तीत जास्त 9.9 शिष्यवृत्त्या देता येतात, कितीतरी कॉलेजांकडे तेवढ्याही नसतात. त्या तुकडे करून पंचवीस-तीस मुलींत वाटायच्या. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. डिव्हिजन वनमध्ये, खेळाडूंना पैसे देण्याबाबत कोर्टात झालेली नवीन तडजोड मान्य केलेल्या कॉलेजांना 2025 पासून शिष्यवृत्तीची मर्यादा नाही, पण संघ जास्तीत जास्त 28 चा. कुठल्या मुलीला किती टक्के द्यायचे, आणि ते तिच्या आईवडिलांना फोनवर कसं सांगायचं, हे जमणारा माणूस इथे टिकतो. मी लग्नाच्या बोलण्यांना बसलेली असल्यामुळे मला ते लवकर जमलं, हे खोटं नाही.

व्हिसाचं थोडक्यात: विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही. कोच "जरा थांब" म्हणाले तरी नियम तुमच्या अंगावर येतो, त्यांच्या नाही. शिक्षणानंतर वर्षभर काम करता येतं, पण क्रीडा व्यवस्थापनाला सहसा वाढीव मुदत मिळत नाही. पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लागतो. युनिव्हर्सिट्या त्याच्या वार्षिक कोट्याबाहेर आहेत, हा आपल्याला फायदा. तरी हे नियम सारखे बदलतात, कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारूनच पाऊल टाका.

बायकांना इथे हेड कोच करतात का, असंही विचारतात. करतात, पण अजून पुरेशा नाहीत. बेकी बर्लीने फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचा संघ 1995 मध्ये शून्यातून उभा केला आणि 1998 मध्ये अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनालाच हरवलं. 2022 मध्ये यूसीएलएची (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) मार्गरीट आओझासा हेड कोच म्हणून पहिल्याच वर्षी विजेती ठरली. समोर पुन्हा नॉर्थ कॅरोलायना, यूसीएलए दोन गोलांनी मागे, बरोबरीचा गोल अगदी शेवटच्या सेकंदांत, मग जादा वेळेत 3-2. तो सामना मी आमच्या व्हॅनमध्ये फोनवर पाहिला आणि इतकी ओरडले की मागे झोपलेल्या दोघी दचकून उठल्या.

डोरन्स यांनी ऑगस्ट 2024 मध्ये, सीझन तोंडावर असताना, निवृत्ती घेतली. त्यांच्या जागी आलेल्या सहायकाने डिसेंबरात विजेतेपद जिंकून दाखवलं. हेड कोच कुठल्याही दिवशी जाऊ शकतो, तेव्हा असिस्टंटला सगळं येत असावं लागतं. व्हॅनमध्ये पेट्रोल भरण्यापासून.

येत्या ऑगस्टात आमच्याकडे नवीन जीए येतेय, सांगलीची आहे. तिने विचारलं, सोबत काय काय आणू? मी लिहिलं: पावसाचं जाकीट, चांगले बूट, आणि एचबी पेन्सिलींचा एक अख्खा बॉक्स. पेन आणू नकोस.