एक्सेल शिका रोजच्या कामासाठी, परीक्षा द्या राहिलेलं शोधण्यासाठी

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते आणि कंपन्यांच्या अकाउंट्स विभागात जुळवाजुळव सुरू होते. खरेदीच्या रजिस्टरमधलं प्रत्येक बिल त्या यादीत आलंय का, हे बघावं लागतं. कारण १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची मुदत २० तारखेची. मधल्या दिवसांत कितीतरी ऑफिसांत दोन प्रिंट शेजारी ठेवून, ओळीवर पट्टी धरून, पेनाने टिक करत बसलेली माणसं दिसतात. समोर एक्सेल उघडं असतं, क्लासचं प्रमाणपत्रही घरी फाइलला लावलेलं असतं. पण आपल्या कामाची फाइल घेऊन त्यांना कधी कोणी शिकवलेलं नसतं.

अशा माणसाने एक्सेल नीट शिकून मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्ट या परीक्षेपर्यंत कसं पोचावं, ते इथे सांगतो. माझा आग्रह क्रमाबद्दल आहे: आधी स्वतःचं काम सुधारायचं, परीक्षेचे पैसे नंतर भरायचे.

१. वेळ कुठे जातो ते लिहून काढा

एक आठवडा टेबलावर छोटी वही ठेवा. एक्सेलमध्ये केलेलं प्रत्येक काम आणि त्याला लागलेली मिनिटं त्यात टिपा. हजेरीवरून पगारपत्रक, थकबाकीची यादी, स्टॉकचा ताळा, बँकेचं स्टेटमेंट, जे असेल ते. आठवड्याच्या शेवटी सगळ्यात जास्त वेळ खाणारं, दर महिन्याला परत येणारं एकच काम निवडा. शिक्षणाची सुरुवात त्या कामापासून करा. पुस्तकातला पहिला धडा थोडा थांबू शकतो.

२. ते एक काम मुळापासून सोडवा

उदाहरणाला जीएसटीची जुळवणीच घेऊ. मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत करून तिच्यावर काम करा. दोन्ही याद्या कंट्रोल-टी दाबून टेबलमध्ये बदला, म्हणजे नवीन ओळी आल्या की सूत्रं आपोआप खाली उतरतात.

आता खरी मेहनत. जुळवणी सूत्रामुळे क्वचितच अडते, बहुतेक वेळा बिल नंबरच अडवतो. आपल्याकडे '४५' असतं, पुरवठादार '०४५' लिहितो. एकाकडे तिरकी रेघ, दुसऱ्याकडे आडवी. एका ठिकाणी तो आकडा असतो, दुसऱ्या ठिकाणी मजकूर, आणि दिसायला सारखे असूनही एक्सेल त्यांना वेगळे धरतं. मागे चिकटलेली मोकळी जागा ट्रिम फंक्शनने जाते. पोर्टलवरून किंवा वेबपानावरून उचललेल्या मजकुरात मात्र वेगळ्या प्रकारची मोकळी जागा येते, एक्सेलमधला तिचा अक्षर-कोड १६०. ती ट्रिमला दिसत नाही, सबस्टिट्यूट वापरून काढावी लागते. हे एकदा समजलं की 'सूत्र चालत नाही' ही अर्धी तक्रार मिटते.

नंबर स्वच्छ झाले की दोन्हीकडे एक नवा रकाना करा आणि त्यात पुरवठादाराचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक व बिल नंबर जोडा. नुसत्या बिल नंबरवर जुळवू नका, कारण '१०१' नंबरचं बिल दहा पुरवठादारांकडे असू शकतं. मग या जोडलेल्या रकान्यावर एक्सलुकअप लावा, म्हणजे एका यादीतली नोंद दुसऱ्या यादीत शोधणारं फंक्शन. जुन्या आवृत्तीत ते नसेल तर व्हीलुकअप चालेल. पण त्याच्या शेवटच्या जागी 'फॉल्स' लिहायलाच हवं. तो भाग लिहिलाच नाही तर एक्सेल जवळपासचं उत्तर शोधतं आणि चुकीचा आकडा अगदी बरोबर असल्यासारखा समोर ठेवतं. शेवटी करातला फरक काढा आणि एक रुपयाच्या आतला फरक पूर्णांकनाचा म्हणून वेगळा करा. मग हीच जुळवणी उलट बाजूनेही करा. पोर्टलवर आहे पण आपल्या रजिस्टरमध्ये नाही, असं बिल बहुधा कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये सापडतं.

सरावाला फाइल घरी नेणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि पॅन, पगार, खाते क्रमांक काढून टाका. याबाबतीत ढिलाई नको.

३. मर्यादा शिका

क्लासमध्ये हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. एक्सेल कुठल्याही आकड्यातले पहिले १५ अंकच जपतं. १६ अंकी खाते क्रमांक टाइप केला की शेवटचा अंक शून्य होतो, तोही न विचारता. पगाराची बँक फाइल बनवताना तो रकाना आधी टेक्स्ट करा, मगच क्रमांक भरा. आधी भरून नंतर टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही.

ओळींचंही तसंच. आजच्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांची माहिती जुन्या प्रकारच्या फाइलींत ओतली जात होती. ओळी संपल्या, उरलेल्या नोंदी गळाल्या आणि जवळपास १६ हजार कोविड रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना सावध करायलाही उशीर झाला. सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण हे ऑफिसातलं दुय्यम काम आहे असं मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने हे प्रकरण वाचावं.

४. आता परीक्षेचा अभ्यासक्रम उघडा

दोन-तीन कामं अशी हाताखालून गेली की मग परीक्षेकडे वळा. मायक्रोसॉफ्टसाठी ही परीक्षा सर्टिपोर्ट ही संस्था अधिकृत केंद्रांमार्फत घेते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्सेलसाठी असोसिएट पातळीचा क्रमांक एमओ-२१०, एक्सपर्टचा एमओ-२११. वेळ ५० मिनिटं, उत्तीर्ण व्हायला १००० पैकी ७००. पर्यायांतून उत्तर निवडायचं नसतं, चालू एक्सेलमध्ये सांगितलेलं काम करून दाखवायचं असतं. म्हणूनच मला ही परीक्षा आवडते. पाठांतरावर ती निघत नाही.

कौशल्यांची यादी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. ती छापून घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'रोज करतो', 'कधीतरी केलंय', 'माहीत नाही' यांपैकी एक लिहा. अकाउंट्समधल्या माणसाला इथे धक्का बसतो. ज्या लुकअप आणि पिव्हट टेबलवर (मोठ्या यादीचा गोषवारा काढणारी सोय) त्याचं रोजचं काम चालतं, ती एक्सपर्टच्या अभ्यासात आहेत. असोसिएटमध्ये मात्र आलेख आहेत, नावं दिलेल्या रेंज आहेत, छपाईची मांडणी आहे, लेफ्ट-राइट-मिडसारखी मजकुराची फंक्शन्स आहेत. ज्यांना आलेख दिसत नाही त्यांच्यासाठी त्याचं वर्णन लिहिणंसुद्धा आहे. परीक्षेची खरी किंमत मी इथे मानतो. आपलं काम आपल्याला जेवढं शिकवतं तेवढ्यावर आपण थांबतो. बाहेरचा अभ्यासक्रम उरलेलं दाखवतो, आणि पुढच्या नोकरीत नेमकं तेच लागतं.

५. सराव

मायक्रोसॉफ्ट लर्नवरचे धडे मोफत आहेत. इंग्रजी व्हिडिओ जड जात असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कचे धडे मराठीत ऐकता येतात. सॉफ्टवेअर वेगळं, पण रकाने, सूत्रं, गाळणी (फिल्टर) यांची समज तीच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी एवढं करावं: एक्सेलचा मेनू इंग्रजीतच ठेवावा आणि प्रत्येक आदेशाचं नाव मोठ्याने म्हणत काम करावं. परीक्षेत हात अडत नाही, प्रश्नातलं वाक्य अडवतं.

ऑफिस सुटल्यावर अर्धा तास पुरतो, मात्र तो घड्याळ लावून. 'फुटलेले' प्रश्न विकणाऱ्यांकडे फिरकू नका. त्याने निकाल रद्द होऊ शकतो, आणि कामात तर काहीच भर पडत नाही.

६. साहेबांकडे फीचा विषय काढा

'मला कोर्स करायचाय' असं म्हणून जाऊ नका. पहिल्या पायरीची वही सोबत न्या. जुळवणीला आधी किती तास लागायचे, आता किती लागतात, ते दाखवा. आणि त्याच वेळी दर शनिवारी अर्धा तास बाकीच्यांना शिकवायची तयारी सांगा. फी द्यायला नाखूश असलेला मालकही इथे ऐकून घेतो, कारण एका फीमध्ये चार जण तयार होतात. दुसऱ्याला शिकवताना स्वतःचं कच्चं कुठे आहे तेही कळतं.

७. परीक्षेच्या दिवशी

नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असणं-नसणं आणि लग्नानंतर बदललेलं आडनाव यांत घोळ होतो, तो आठवडाभर आधी निस्तरा. प्रश्नात सांगितलंय तेवढंच करा. रंग, रुंदी, नीटनेटकेपणा आपल्या मनाने वाढवू नका, कारण शेवटी फाइलमध्ये सांगितलेलं काम नेमकं झालंय का यावर गुण आहेत. अडलेला प्रश्न खूण करून पुढे जा. निकाल तिथेच कळतो. नापास झालात तर २४ तासांनी पुन्हा बसता येतं, पण गुणपत्रकात कोणत्या विभागात किती मिळाले ते असतं, तो कमी पडलेला विभाग पक्का केल्याशिवाय घाई करू नका.

८. कोणतं प्रमाणपत्र कशासाठी

सगळ्यांनी हीच परीक्षा द्यावी असं नाही. राज्य सरकारच्या बऱ्याच पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा तिच्या तोडीचं मान्य प्रमाणपत्र लागतं ते लागतंच. टॅलीवर काम असेल तर टॅलीची स्वतःची प्रमाणपत्रं आहेत. अहवाल आणि डॅशबोर्डकडे वळायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवर बीआय या सॉफ्टवेअरची पीएल-३०० परीक्षा आहे. तिचं प्रमाणपत्र एक वर्ष चालतं आणि ऑनलाइन चाचणी देऊन मोफत नूतनीकरण होतं. क्लास पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र यांत मात्र गल्लत करू नका. पैसे भरण्याआधी एकच विचारा: परीक्षा कोण घेणार आणि मुलाखत घेणाऱ्याला निकाल ऑनलाइन तपासता येईल का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे खिशातच ठेवा.

उत्तीर्ण झाल्यावर डिजिटल बॅज मिळतो. बायोडाटावर त्याचा दुवा द्या आणि खालच्याच ओळीत तुमचं काम लिहा, उदाहरणार्थ: 'खरेदी रजिस्टर आणि २बीची मासिक जुळवणी एक्सेलमध्ये बसवली, विभागातल्या सहकाऱ्यांना शिकवली.' मुलाखतीला जाताना नावं आणि आकडे बदललेली ती फाइल लॅपटॉपवर ठेवा. 'करून दाखवा' म्हटलं की लगेच उघडता यायला हवी.