बदलत्या दाबाचा रन का फुटतो? या चुका टाळा

ओपनफोम या प्रवाहाचं गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रक्तवाहिनीतला, ठोक्यागणिक बदलत्या दाबाचा प्रवाह चालवायला घेतला की पहिले काही टाइमस्टेप, म्हणजे गणितातले वेळेचे छोटे टप्पे, नीट जातात. मग कुरांट नंबर (एका टाइमस्टेपमध्ये द्रव मेशचे, म्हणजे गणिताच्या जाळीचे, किती सेल ओलांडतो तो आकडा) १ वरून ५० वर, तिथून हजारांत जातो आणि रन, म्हणजे चालू असलेलं गणित, फुटून बंद पडतो. अशा वेळी हात आधी टाइमस्टेपकडे जातो. पण मूळ चूक दाबात असेल, तर टाइमस्टेप दहापट कमी करूनही रन फुटतोच, फक्त जास्त वेळ खाऊन. म्हणून कळकळीने सांगतो, आधी दाबाचे आकडे कागदावर मांडून पाहा.

सगळ्यात महागात पडते ती एककाची चूक. पिंपलफोमसारख्या असंपीड्य (द्रवाची घनता स्थिर धरणाऱ्या) सोल्व्हरमध्ये, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दाब पास्कलमध्ये नसतो, तो घनतेने भागलेला असतो. ८० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १०,६७० पास्कल. रक्ताची घनता १,०६० किलो प्रति घनमीटर धरली, तर फाइलमध्ये साधारण १०.०६ लिहायचं. तिथे १०,६७० लिहिलं की द्रवाला हजारपट जोराचा धक्का बसतो.

एकक बरोबर आहे, पण इनलेटला (द्रव आत येतो त्या टोकाला) ८० ते १२० मिलिमीटर पारा आणि आउटलेटला (बाहेर जातो त्या टोकाला) शून्य ठेवलंय? असंपीड्य प्रवाहाला दाबाचा फरक तेवढा कळतो. ८० मिलिमीटरचा सगळा फरक वेगात उतरला, तर बर्नूलीच्या हिशेबाने ४.५ मीटर प्रति सेकंद होतात. निरोगी महाधमनीत कमाल वेग १ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. खरा दाब पुढच्या बारीक वाहिन्यांच्या अवरोधात खर्च होतो, तो तुमच्या मेशमध्ये नाहीच. आउटलेटला विंडकेसल मॉडेल (पुढच्या वाहिन्यांचा अवरोध आणि लवचिकता हिशेबात धरणारं) लावा, नाहीतर तुकड्याच्या दोन टोकांतला मोजलेला फरक द्या.

सुरुवातही सावकाश करा. १० सेंटिमीटरच्या वाहिनीत स्थिर द्रवावर हाच ८० मिलिमीटरचा फरक एकदम लादला, तर त्वरण सुमारे १०० मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. म्हणजे १० मिलिसेकंदांत वेग १ मीटर प्रति सेकंद. फरक शून्यापासून हळूहळू चढवा आणि पहिला ठोका निकालात धरू नका.

एका ठोक्यातला वेळेनुसारचा दाब देणाऱ्या टेबलचं शेवटचं मूल्य पहिल्याशी जुळतं का तेही बघा. जुळत नसेल, तर टेबल पुन्हा सुरू होताना प्रत्येक ठोक्याला धक्का बसेल.

प्रवाह उलटतो तिथे वेगाला नुसता शून्य ग्रेडियंट (सीमेवरचा वेग आतल्या सेलइतकाच धरणारी अट) ठेवू नका. बाहेरून आत येणाऱ्या द्रवाला मग काही धरबंध राहत नाही. दाबावर चालणाऱ्या इनलेट-आउटलेटसाठी असलेली वेगाची अट वापरा.

तरीही फुटला, तर फुटण्याआधीच्या दोन-तीन टाइमस्टेपचा डेटा साठवा आणि सर्वांत जास्त वेग कुठल्या सेलमध्ये आहे ते शोधा. आउटलेटला चिकटून असेल तर उलट प्रवाहाचा संशय घ्या. मधेच एका वाकड्या सेलमध्ये असेल तर चेकमेश ही मेश तपासणारी आज्ञा चालवा; नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (शेजारच्या सेलची केंद्रं जोडणारी रेघ त्यांच्यामधल्या पृष्ठाच्या लंबापासून किती कलते तो कोन) ७० अंशांपुढे गेली असेल, तर सीमांच्या अटींना हात न लावता आधी मेश दुरुस्त करा.